ज्याला नाव नाही

कापसाच्या पराटीतून ती येई तेव्हा आधी बांगड्या ऐकू येत, मग कार्तिकातल्या उतरत्या उन्हात केस दिसत. त्यांत कापसाचे तंतू अडकलेले, जणू संध्याकाळचा उजेडच कुणी डोक्यावर पिंजून ठेवला आहे. वेचलेल्या बोंडांनी फुगलेली ओटी सावरत माझी येसू बांधावरून चालू लागली, की सारं वडनेर मला माझंच वाटे. मी दुसरी शिकलेला माणूस, पण बायकोच्या बाबतीत ताठा पाटलाला लाजवील असा.

स्वराज्य येऊन पाच-सात वर्षं झाली असतील. त्या चातुर्मासात मारुतीच्या देवळात एक म्हातारे बुवा उतरले आणि ब्रह्म सांगू लागले. त्याला नाव नाही, रूप नाही, आदी नाही, अंत नाही. तेच बोंडात, तेच वेचणाऱ्या बोटांत. येसू ऐकून परते ती निवळलेल्या विहिरीसारखी. भाकरी थापता थापता तिचा हात थांबे. कुणासाठी? गावातला कोणी असता तर काठी घेऊन त्याच्या दारात गेलो असतो. पण जो निराकार, त्याच्याशी माणसानं भांडावं कुठं उभं राहून?

तुळशीचं लग्न लागल्यावर पुतणीचं लग्न निघालं. मांडवात पोरींनी येसूला घेरलं.

"काकू, घ्या नं काकाचं नाव!"

एरवी नवऱ्याचं नाव ती ओठांवर येऊ देत नसे. अशा वेळीच काय ते ऐकायला मिळायचं, म्हणून मी खांबाला टेकून कान लावले.

ती हसली. "ज्याले नावच नाई, त्याचं नाव कसं घेऊ बाप्पा?"

एकच खसखस पिकली. थोरली वहिनी माझ्याकडे वळली. "भाऊजी, कोन हाय हा नवा?"

घरी आल्यावर मी विचारलं, "काऊन वं, मी काय मेलो?"

"तुमच्यातबी तोच हाय नं जी," ती म्हणाली, आणि माझ्या भातावर तूप वाढलं.

म्हणजे माझ्याकडे पाहतानाही ती त्यालाच पाहत होती! तूप कडू लागलं.

आता ती नाही. लोक म्हणतात, ब्रह्मात मिळाली. मी मान डोलावत नाही. सगळीकडे भरून उरलेल्याला काय कमी होतं? माझ्याकडे तर एकच होती. तो काळाच्याही पलीकडचा, त्याच्यापाशी ती सदाची राहील. मला तिची आठवणसुद्धा मरेपर्यंतच पुरायची.