तेरा पायऱ्यांचा दांडा

सुतार कामाला वाईट नव्हता. हात चांगला, नजर पक्की, फळीकडे नुसतं बघून ती कुठे वाकली आहे ते सांगायचा. फक्त काम सुरू करायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. गल्लीत त्याला 'उद्यामिस्त्री' म्हणत, आणि हे नाव खोटं आहे असं म्हणायला त्याला कधी तोंड नव्हतं. बाहेरच्यांची कामं तरी कशीबशी पार पडायची, कारण माणसं दुकानात येऊन त्याच्या डोक्यावर बसायची. घरच्या कामाला असं बसणारं कुणी नव्हतं. म्हणून स्वयंपाकघरातल्या कपाटाला दार नव्हतं, मोरीच्या दाराला कडी नव्हती, आणि बायकोनं तर हे विषय काढणंच सोडून दिलं होतं. सुरुवातीला त्याला ती शांतता फार आवडली.

पण गेले आठ महिने जे काम राहिलं होतं, ते कपाटाच्या दारासारखं नव्हतं.

सुताराचे वडील वरच्या मजल्यावर राहत. खाली दुकान आणि मागे सुताराचं बिऱ्हाड, दुकानातून वर जायला भिंतीलगत अरुंद जिना, पायऱ्या तेरा. हे दुकान मूळ वडिलांचंच. पन्नास वर्षं त्यांनी इथे लाकूड कापलं, मुलाच्या हातात पहिला रंधा दिला तोही इथेच. काम सुटल्यावरही ते रोज दुपारी खाली येऊन खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचे, भुशाचा वास घ्यायचे, येणाऱ्याजाणाऱ्याशी दोन शब्द बोलायचे. त्यावर त्यांचा दिवस चालायचा. मग गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, "जिन्याला भिंतीकडून धरायला एक दांडा बसवा. तो बसेपर्यंत यांना उतरू देऊ नका."

"त्यात काय, एका दुपारचं काम," सुतार म्हणाला. घरात सुतार असताना डॉक्टरांनी हे सांगावं याचं त्याला जरा हसूही आलं होतं.

पहिल्याच आठवड्यात त्यानं बाबांना जिन्यात उभं करून माप घेतलं आणि वहीत दांड्याचं चित्र काढलं. चित्र इतकं सुरेख उतरलं की त्या दिवशी पुढे काही करावंसं वाटेना. मग चांगलं लाकूड शोधण्यात महिना गेला. लाकूड आलं तेव्हा ते ओलं होतं, निदान तो सगळ्यांना तसं सांगत होता. ते वाळेपर्यंत रंध्याच्या पात्याला धार लावून घ्यावी म्हणून त्यानं धार लावली. एकाला लावली म्हणून बाकीच्यांनाही लावली, मग खिळे आकारानुसार डब्यांत भरले. त्या महिन्यात दुकान असं लखलखत होतं की एका गिऱ्हाइकानं विचारलं, "धंदा बंद करताय का?"

मग तो मोबाइलवर 'आळस कसा घालवावा' याचे व्हिडिओ बघायला लागला. अकरा व्हिडिओ त्यानं मन लावून बघितले, त्यातले दोन तर दोनदा. एका बाईनं सांगितलं की कामाची यादी करून समोर टांगा. सुताराला हे एकदम पटलं. यादी चिकटवायला त्यानं एक फळी घेतली, ती रंधली, तिच्या कडा गोल केल्या, पॉलिशचे तीन हात दिले आणि ती भिंतीवर टांगली. तीन दिवस गेले त्यात. दांडा करायला त्याहून कमी वेळ लागला असता, हे त्याला फळी टांगताना कळलं, आणि कळूनही फळी सरळ टांगली गेली आहे ना हे त्यानं दोनदा तपासलं.

खरं कारण त्याला ठाऊक होतं. कुणालाही सांगायची लाज वाटत होती एवढंच. त्यानं काहीही बनवलं की बाबा त्यावरून अंगठा फिरवायचे. पूर्ण फिरवायचे, अगदी सांध्यापर्यंत. कुठेतरी अंगठा थांबायचा आणि ते "हं" म्हणायचे, बस्स. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, स्वतःच्या डोक्यावरचे केस निम्मे गेलेले असताना, हा माणूस बापाच्या अंगठ्याला घाबरत होता. हा दांडा तर बाबा रोज धरणार, वर जाताना आणि खाली येताना. तो निर्दोष व्हायला हवा होता, आणि न केलेल्या दांड्यात अजून तरी एकही दोष नव्हता.

त्या दिवशी दुपारी तो एका घरी खिडकीचं माप घ्यायला निघाला. रोजच दुपारी तो कुठेतरी निघायचा. दुकानात बसलं की यादीची फळी समोर दिसायची, त्यापेक्षा बाहेर बरं. चौकापर्यंत गेल्यावर त्याला आठवलं की माप घ्यायला निघालोय खरा, पण टेप दुकानातच राहिली. स्वतःला चार शिव्या घालत तो परत फिरला.

दुकानाचं दार लोटलं आणि तो तिथेच थांबला.

बाबा जिन्यात होते. सातव्या पायरीवर, बसलेले. दुखरा पाय पुढे ताठ, दोन्ही तळहात मागच्या पायरीवर टेकलेले. ते बसल्या बसल्या एक पायरी खाली सरकले. मग दम खाल्ला. लेंग्याची मागची बाजू भुशानं माखली होती. खालच्या पायरीशी सुताराची बायको हात पुढे करून उभी होती.

तिनं आधी त्याला बघितलं. मग बाबांनी बघितलं, आणि चोरी पकडली गेल्यासारखे ते कसनुसं हसले.

"अरे, आज लवकर आलास?"

"टेप राहिली," सुतार म्हणाला. त्याला दुसरं काही सुचेना. "बाबा, हे कधीपासून?"

बाबा लेंग्यावरचा भुसा झटकू लागले. बायको म्हणाली, "चार महिने झाले. तुम्ही बाहेर पडलात की उतरतात, तुम्ही यायच्या आत वर जातात. वर जाताना उलटे बसून जातात, पाऊण तास लागतो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली होती. आणि सांगून काय केलं असतं तुम्ही? यादीत लिहिलं असतं."

सुताराची नजर भिंतीवरच्या फळीकडे गेली.

"तिला बोलू नकोस," बाबा म्हणाले. "तुझ्यामागे कामं असतात. मी खाली दिसलो असतो तर तुला वाटलं असतं, म्हातारा घाई करतोय. मला काय, वेळच वेळ आहे."

सुताराला रडू आलं. ते लपवायला तो लाकूड काढायच्या निमित्तानं कोपऱ्यात गेला. आठ महिने त्यानं आळशी म्हणून स्वतःची चेष्टा केली होती, चार माणसांत हसून सांगितलीही होती, आणि त्या हसण्याआड हा माणूस भुशात बसून एकेक पायरी उतरत होता. त्यानं खिडकीवाल्यांना फोन लावला आणि आज येत नाही असं सांगितलं.

"मग उद्या?" पलीकडून विचारलं.

"नाही. घरचं काम आहे, ते संपलं की कळवतो."

लाकूड अर्थातच खडखडीत वाळलेलं होतं, चांगलं सहा महिन्यांपासून. बाबा स्टुलावर बसले आणि सुतारानं रंधा धरला. कुठलंही स्फुरण वगैरे चढलं नाही. पहिलाच झटका लाकडाच्या रेषांच्या उलट गेला आणि ओरखडा उठला. बाबांना तो दिसला असणार. सुतारानं मान वर केली नाही आणि रंधा पुढे रेटला. दोन तासांत दांडा गोल झाला. वहीतलं माप घेऊन त्यानं भिंतीत भोकं पाडली, ब्रॅकेट बसवले, स्क्रू आवळले. पॉलिश केलं नाही. पाच वाजायच्या आत दांडा भिंतीवर होता. एका दुपारचं काम, तेही अर्ध्याच दुपारचं.

"चला बाबा," तो म्हणाला.

बाबा पहिल्या पायरीवर चढले, आठ महिन्यांत पहिल्यांदा उभ्यानं. त्यांनी हात उचलला, दांडा धरला आणि दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला. मग थांबले. खांदा कानापाशी आला होता आणि कोपर वर उचललं गेलं होतं. अशा हातावर त्यांना भार टाकता येईना.

"छान झालाय," बाबा म्हणाले. "जमेल मला."

सुतारानं टेप लावली, वहीशी ताडून बघितलं. मग पुन्हा लावली. माप केसभरही चुकलेलं नव्हतं. आठ महिन्यांत बाबाच तेवढे वाकले होते, चांगले चार बोटं. तो रोज त्यांचं ताट घेऊन वर जात होता आणि हे त्याला दिसलं नव्हतं.

"राहू दे आता, दमलास," बाबा म्हणाले. "होईल सावकाश."

सुतारानं स्क्रू सोडवायला घेतले होते. दांडा उतरवून त्यानं बायकोच्या हातात दिला आणि कानामागची पेन्सिल काढली.

"बाबा, सरळ उभे राहू नका. जसे उभे राहता तसेच राहा. आणि हात भिंतीवर टेकवा, जिथे सहज पडेल तिथे."

बाबांनी तळहात भिंतीवर टेकवला. तो किंचित हलत होता. सुतार पायरीवर गुडघे टेकून बसला, हात स्थिर होईपर्यंत थांबला, आणि मग त्याच्या खालून त्यानं रेघ ओढली.