परतवाड्याचे वाचक

अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्या घरात सकाळपासून साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, धांदल होती, आणि घरची सून प्रतीक्षा न्हाणीघराची कडी लावून मोबाइल बघत उभी होती. आपल्या ब्लॉगला कोणत्या गावचे किती वाचक आले, ते तिला दिसत होतं. अकोला, अमरावती, पुणे आणि कालपासून परतवाडा. परतवाड्याचा आकडा चढतच होता.

आज परतवाड्याचेच पाहुणे यायचे होते. नणंदेचं, मोनालीचं, लग्न तिथंच ठरलं होतं.

आधी ती ब्लॉगवर मन, एकटेपणा असलं काहीबाही लिहायची. कुत्रं विचारत नव्हतं. मग वाचक कुठं थांबतात आणि कुठून पळतात ते तिनं नीट पाहिलं, तेव्हा कळलं की लोकांना ओळखीची माणसं हवीत. नेमकी तेव्हाच मोनालीला बघायला परतवाड्याची मंडळी आली. मुलाची आत्या माणिकबाई. तिनं बशीतल्या दोन करंज्या हळूच रुमालात बांधल्या आणि बियाण्याच्या दुकानाच्या पिवळ्या पिशवीत टाकल्या. पाहुण्यांचे चेहरे बघून होकार येईल असं घरात कुणालाच वाटलं नाही, म्हणून प्रतीक्षानं तिखटमीठ लावून सगळं लिहिलं. नाव-गाव बदललं. पिशवी तेवढी तशीच ठेवली. सगळी मजा पिशवीतच होती ना! वऱ्हाडातल्या दिसेल त्या ग्रुपवर तिनं स्वतःच लिंक टाकली. वाचक तुटून पडले, आणि मागोमाग होकार आला.

तेव्हाच ते काढून टाकायचं. पण एवढी वाहवा तिला जन्मात मिळाली नव्हती, हात धजेना. हाव वाईट, दुसरं काय!

“वहिनी, पाहुणे आले वो!” मोनालीनं दार ठोठावलं. प्रतीक्षा बाहेर आली. पोरीचा चेहरा नुसता फुलला होता. आधीचे नकार पचवून कुठं या मुलावर तिचा जीव जडला होता. “तुमी अशा काहून दिसून राह्यल्या?” तिनं विचारलं. प्रतीक्षानं मोबाइल पदराआड लपवला.

माणिकबाई जीपमधून उतरल्या. हातात तीच पिवळी पिशवी. सतरंजीवर टेकल्या, पाण्याला हात लावला नाही.

“ते लिवनारी सून कोन्ती?”

प्रतीक्षाचा नवरा योगेश गोंधळून सगळ्यांकडे बघू लागला. ती पुढं झाली. “मीच, आत्याबाई.”

“नातवानं वाचून दाखोलं मले. पोट धरून हासलो आमी. मंग पिशवी आली, अन् पोट्टं चूपच झालं.” माणिकबाईंचा आवाज चढला नाही, त्यानं प्रतीक्षा जास्तच घाबरली. “माह्या भावाले, पुंजारामले, लकवा हाये. सून पाहाले येता आलं नाई त्याले. मनलं, पोरीच्या हातचं तरी खाऊ दे. घरचे सारे या सोयरिकीले नाई मनत होते. करंजी खाल्ली, अन् त्यानं हो मनलं.”

मोनालीचा चेहरा पांढराफटक पडला. आता या उठून जातात, असंच प्रतीक्षाला वाटलं. “चुकलं माह्यं,” ती कशीबशी म्हणाली.

माणिकबाईंनी पिशवीचं तोंड उघडून तिच्यापुढं धरलं.

“भर. त्याच्यासाठी. आज साऱ्याईच्या समोर भर.”

प्रतीक्षानं करंज्यांचं ताट आणलं. भरताना एक करंजी फुटून सारण सतरंजीवर सांडलं. माणिकबाईंनी तेही वेचून घेतलं. मग म्हणाल्या, “आना कुकू. पोरीले लावू द्या.”

लग्न झालं. मोनाली सुखात आहे. प्रतीक्षानं करंज्यांची खरी गोष्टही ब्लॉगवर लिहिली. ती फारशी कुणी उघडली नाही, आणि तिनंही ती कुठल्या ग्रुपवर टाकली नाही. मोनाली माहेरी येते, हसते, खाते-पिते. पण सासरचा विषय निघाला की आधी वहिनीच्या हातातल्या मोबाइलकडे बघते, आणि विषय बदलते.