फरशीवरचा शब्दकोश

मी बोलतोय ते जमिनीवरून, त्यामुळे ऐकायला थोडं वाकावं लागेल. मी एक शब्दकोश आहे. सातवीत पहिली आली म्हणून बाईंनी मला एका मुलीला बक्षीस दिलं. पुढे तिची शाळा सुटली, मी मात्र तिच्याकडेच राहिलो. लग्नानंतर तिच्या कपड्यांच्या तळाशी दबून सासरी आलो.

आता ती घरी इस्त्रीची कामं घेते. दिवसभर उभी असते. मुलगा अडीच वर्षांचा झाला, पण अजून एक शब्द बोललेला नाही. डॉक्टर म्हणाले, "कान चांगले आहेत. त्याच्याशी बोलत राहा." काय बोलायचं ते तिला सुचेना. मग तिने मला बाहेर काढलं.

इस्त्री तापेपर्यंत ती मोठ्याने वाचते. मग फरशी गार लागते म्हणून मला खाली ठेवते आणि पोराला माझ्यावर बसवते.

ओळीने वाचायचं ठरवलं होतं तिने. पण दमलेलं बोट भलतीकडेच जायचं.

"विसावा. हा विश्रामावरून आला, बाळा. आणि माहेर म्हणजे मातृगृह. आईचं घर."

एवढं सांगून ती पुन्हा कॉलर दाबायला उभी. तिला विसावलेलं मी कधी पाहिलं नाही.

नणंद आली की म्हणायची, "वहिनी, पोराला पंडित करताय का? आधी आई तरी म्हणू दे त्याला."

ती हसून घ्यायची. नणंद गेली की एकच कॉलर तीनदा दाबायची.

आज दुपारी शर्टांचा ढीग तिच्या खांद्यापर्यंत आला होता. ती कधी या पायावर भार टाकायची, कधी त्या. पोर माझ्यावरून उठलं, माझ्या पुठ्ठ्यावर थाप मारली आणि तिच्याकडे बघत म्हणालं, "बश."

तिने इस्त्री बाजूला उभी केली. "काय म्हणालास?"

"बश."

रोज त्याला माझ्यावर बसवताना ती हेच तर म्हणायची. माझ्यातून वाचून नव्हे, सहजच.

"मी बसू?" तिने विचारलं, आणि बसली. माझी शिवण उसवली. पानं सुटली.

मला चिकटवायला कुणी नेणार असाल तर न्या. पण आत्ता नको. इस्त्री गार होतेय, होऊ द्या. ती बसली आहे.