आत झोपलेला दीर

त्याने दार जरासे ढकलले आणि आत भांडी कोसळली. एक झाकण बराच वेळ गरगरत राहिले, मग तेही थांबले.

"कोण आहे?" बायकोचा आवाज.

"मी," तो दबक्या आवाजात म्हणाला. शेजारी उठायला नकोत.

"मी कोण? मुकाट्यानं चालता हो. माझे दीर झोपलेत आत. पैलवान आहेत. उठवू का?"

गोदामाचा रखवालदार स्वतःच्याच दारात गोंधळून उभा राहिला. "अगं, मला भाऊ कुठाय?"

 मग कडी निघाली. बायकोच्या हातात इस्त्री होती.

"तुम्ही? या वेळेला? नोकरी गेली की काय?"

"गोदाम रिकामं झालं. नवा माल यायचाय. साहेब म्हणाले, घरी जा, भिंती कोण पळवतंय."

तो आत आला. दाराला टेकवलेले स्टूल आडवे झाले होते आणि त्याच्याभोवती पातेली, डबे, झाकणे विखुरली होती.

"हे काय मांडलंयस?"

"मांडते रोज. तुमची पाठ वळली की मांडायचं, सकाळी तुम्ही यायच्या आत उचलायचं."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून. मुलं लहान होती तेव्हा दोन स्टुलं लावायची. दीरही आधी साधेच होते. हळूहळू पैलवान केले त्यांना."

ती हसली. त्यालाही हसायचे होते, पण जमले नाही. त्याच्या राखणीत गोदामातला खिळासुद्धा कधी हलला नव्हता. पाहुण्यांपुढे तो हे छाती फुगवून सांगे, तेव्हा ती शेजारी बसून मान डोलवत असे.

"बोलली नाहीस कधी."

"कधी बोलणार? तुम्ही यायचात ते डोळे मिटतच. मग पोरांना गप्प करण्यात माझा दिवस जायचा."

"भीती वाटायची?"

ती डब्यांना झाकणे लावत राहिली. "सवय झाली हो. गाढ झोप तेवढी विसरले."

साहेबांनी आज त्याला दिवसपाळी देऊ केली होती. उत्तर सकाळी द्यायचे होते. नाही म्हणायचे हे तो ठरवूनच निघाला होता. रात्री गोदामात त्याचे राज्य असे. कुलपे तपासायची, फेरी मारायची, कुणी वर बोलणारे नाही. दिवसा हमालांचा गलका, गाडीवाल्यांच्या शिव्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम.

"दिवसपाळी मिळतेय," तो म्हणाला. "सकाळी हो म्हणून येतो."

तिचा हात थांबला. "तुम्हाला नाही जमायचं. पहिल्याच दिवशी कुणाशी तरी भांडाल."

"भांडेन. पण संध्याकाळी घरी येईन."

 खाली ठेवलेली इस्त्री उचलून तिने फळीवर ठेवली आणि दिवा मालवला.

"झोपा की आता," अंधारातून ती म्हणाली.

"मला कसली रात्रीची झोप येतेय? तू झोप."

तो भिंतीला टेकून बसला. थोड्या वेळाने ती घोरू लागली. आधी हळू, मग चांगली मोठ्याने. आपली बायको घोरते हे त्याला ठाऊक नव्हते.

रस्त्यावरून एक गाडी गेली. खिडकीतून आलेला उजेड तिच्या चेहऱ्यावरून सरकला आणि तिच्या पापण्या हलल्या. तो उठला, खिडकीला पाठ लावून बसला. पुढच्या गाडीचा उजेड त्याच्या पाठीवरच अडला.