एक सूत उणे

"भाऊजी, थांबा! ब्लेड टेकवू नका!"

पॉलिशचा फडका तसाच टाकून सूनबाई कटरपाशी धावली. धाकटे दीर चांगलेच वैतागले. आधीच उशीर, त्यात वहिनीची ही मध्येच लुडबुड!

दगडकामाचा हा छोटा कारखाना सासऱ्यांचा. महिन्यापूर्वी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी कटरला हात लावायला साफ मनाई केली. तेव्हापासून कापायचं काम दिरांकडे. सूनबाईच्या वाट्याला चार वर्षं नुसतं पॉलिश. कापायला ती टाकाऊ तुकड्यांवर शिकली होती, पण खरी लादी तिला कोण देतंय?

आज तर हिरव्या दगडाची लादी होती, त्या रंगाची शेवटची. बेकरीवाल्या बाईंच्या ओट्यासाठी तिच्यात शेगडीपुरता चौकोन पाडायचा होता. बाईंनी शेगडी चारदा बदलली होती. सासऱ्यांचा नियम असा की, गिऱ्हाइकाच्या कार्डावरचं जुनं माप खोडायचं नाही, फरक फक्त पुढे लिहायचा. म्हणून कार्डावर रुंदी होती बावीस इंच, आणि पुढे: अधिक पाऊण, उणे अर्धा, उणे पाच अष्टमांश, अधिक पाव.

"उणे उणे अधिक," दीर ऐटीत म्हणाले. "शाळेत गेलो होतो मी. म्हणजे सगळं अधिकच. दोन इंच एक सूत वाढवायचं."

"अहो, ते गुणाकारात! ही बेरीज आहे. चोवीस इंचांचा चौकोन पाडलात तर शेगडी खाली पडेल की हो धाडकन!"

सासरे स्टुलावर बसून ऐकत होते. "भांडू नका. दाखव काय ते," ते म्हणाले.

तिने खडू उचलला. इंचाचे आठ सूत. मग पाऊण म्हणजे सहा, अर्धा म्हणजे चार, पाव म्हणजे दोन. पाच अष्टमांश तर सरळ पाचच. सगळे तुकडे एका मापात आले! तिला एकदम हुरूप आला. तिने फरशीवर एक आडवी रेघ ओढली.

"भाऊजी, रेघेवर उभे राहा. एक सूत, एक पाऊल. सहा पुढे."

दीर कुरकुरत सहा पावलं पुढे गेले.

"आता चार मागे. आणखी पाच मागे."

नवव्या पावलाला भाऊजींचा पाय मशीनच्या पाण्याच्या डबक्यात गेला. फचाक!

"दोनदा मागे चाललात, पुढे पोचलात का?" सूनबाईला हसू आवरेना. "आता दोन पुढे."

ते रेघेच्या एक पाऊल मागे थांबले. बुटातून पाणी गळत होतं.

"एक सूत उणे! बावीसला एक सूत कमी!" ती अक्षरशः उडी मारून ओरडली.

सासऱ्यांनी कार्ड तिच्या हातात दिलं. "मग तूच काप. पण लादी गेली, तर पुन्हा कटरचं नाव काढायचं नाही."

चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर होतं. तिने माप दोनदा आखलं, मशीन सुरू केलं आणि ब्लेड टेकवलं. पाण्याचे शिंतोडे, कर्कश आवाज, हिरवा चिखल. चारही कडा कापून होईपर्यंत ती श्वास घ्यायलाही विसरली.

बाईंनी टेम्पोतून शेगडी आणवली. दिरांनी ती चौकोनावर धरली, हळूच सोडली. खट्! काठोकाठ बसली, ना ढिली ना घट्ट.

"बसली! अहो, बसली!" सूनबाई टाळ्या पिटू लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला त्याचं भानही नव्हतं. ओल्या बुटांनिशी दीरही हसू लागले. "मानलं वहिनी तुम्हाला," ते म्हणाले.

"बाबा, पाहिलंत ना?" ती सासऱ्यांकडे धावली.

"कुठलं पाहतोय! ब्लेड टेकलं तेव्हाच डोळे मिटून घेतले होते," सासरे म्हणाले. "आता उद्याची लादी आण. ती डोळे उघडे ठेवून पाहीन."