दांडा सोड, हॅल्वर

चौऱ्याहत्तराव्या वर्षी शाळेची बस चालवायची तर डॉक्टरचा दाखला लागतो, आणि यंदा डॉक्टरने आधी ट्रेडमिलवर चालून दाखवायला सांगितलं. माझ्या नवऱ्याचा, हॅल्वरचा, सगळा जीव त्या बसमध्ये. घरात माझ्याशी चार शब्द बोलणं त्याच्या जिवावर येतं. तिथे मात्र पोरांशी अखंड बडबड.

कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत नेतानाही तो हल्ली थांबून छाती चोळायचा. विचारलं की उत्तर ठरलेलं, "तसं काही वाईट नाही." आमच्या मिनेसोटात माणूस बर्फाखाली गाडला गेला तरी हेच सांगेल.

टेस्टच्या आदल्या दिवशी लाव्हर्न कॉफीला आला. तोही बसच चालवतो.

"अरे, सोप्पं आहे," तो म्हणाला. "पुढचा दांडा घट्ट धरायचा, भार हातांवर टाकायचा. पट्टा पळतो, आपण नुसतं लटकायचं. गेल्या वर्षी मी असाच सुटलो."

"आणि यंदा वर गेलास तर?" मी म्हटलं.

"आर्डिस, तुझी कॉफी बरी, पण तोंड फार कडू!"

दोघंही खो खो हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दवाखान्यात मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. हॅल्वर लटकला. टेस्ट घेणारी पोरगी एकदा म्हणाली, "हात हलके ठेवा हं," आणि पुन्हा पडद्याकडे बघत बसली.

"छातीत दुखतंय का?"

"तसं काही वाईट नाही."

"वा! या वयात कमाल आहे तुमची."

मला राहवेना. "दांडा सोड, हॅल्वर."

"गप्प बस, आर्डिस."

"पोरी, तो लटकलाय. आणि कित्येक दिवस छातीत दुखतंय त्याच्या."

तिने हात सोडायला लावले. थोडं चालला आणि चेहरा राखेसारखा झाला. पडद्यावरच्या रेषा बदलल्या, पट्टा थांबला, डॉक्टर धावत आला. त्याच आठवड्यात बायपास झाली.

"तुमच्यामुळे वाचले," डॉक्टर मला म्हणाला. चर्चमधल्या बायकांनीही तेच सांगितलं आणि खायला आणून दिलं. हॅल्वर तेवढा काही बोलला नाही. मला त्याचा राग आला, अजूनही येतो. जीव वाचवल्याची माफी मी का मागायची?

त्याची फेरी शाळेने कायमची लाव्हर्नला दिली; बायपास झालेल्या म्हाताऱ्याच्या हाती पुन्हा पोरं द्यायला शाळा तयार नव्हती. रोज सकाळी आमच्या दारावरून जाताना तो भोंगा वाजवतो, पोरं हात हलवतात. हॅल्वर खिडकीत उभा राहून हात वर करतो आणि बस वळली तरी तो खाली घेत नाही.

वर्षभराने पुन्हा टेस्ट झाली. दांड्याला न शिवता तो भराभर चालला. डॉक्टर खूश झाला. "इतकं छान चालणारं हृदय या वयात क्वचित दिसतं. दहा वर्षं तरी काळजी नको."

गाडीत बसल्यावर हॅल्वर स्वतःहून बोलला. किती दिवसांनी!

"ऐकलंस? दहा वर्षं. काय करू मी त्यांचं?"

"मजेत जग."

"कुणाशी बोलत?" त्याने विचारलं. अगदी मनापासून विचारलं, टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. मी गाडी सुरू केली.