टोपलीखालचा कोंब

मळ्याच्या समुद्राकडच्या कोपऱ्यात मावरोत्रागानो या काळ्या द्राक्षाची एकच वेल उरली होती. बाकी सगळी पांढरी असिर्तिको. आमच्या बेटावर वाऱ्यापासून जपायला वेली जमिनीलगत टोपलीसारख्या वळतात. टोपली फार म्हातारी झाली की ती बुंध्यापासून तोडायची आणि जुन्या मुळातून कोंब फुटायची वाट बघायची. शेजारच्या कालिरोईनं हिवाळ्यात या वेलीची टोपली तशीच तोडली आणि खुंटावर ज्वालामुखीची हलकी खडी लोटली. मळा तिचा आणि तिच्या दिराचा, याकोवोसचा.

संत जॉर्जच्या सणाला सकाळपासून वारा घोंघावत होता.

"वहिनी, कोंबाला आजपर्यंतचीच मुदत ठरली होती," याकोवोस म्हणाला. "कोंब दाखवा, नाहीतर इथे पाहुण्यांना भाड्यानं द्यायला माझ्या खोल्या."

"घाई काय एवढी भावोजी? पाहुणे बोटीत बसून राहिलेत का?"

"वर तर काहीच दिसत नाही."

"खाली असेल."

"असेल? की आहे?"

कालिरोईनं माझ्याकडे बघितलं. "मास्तर, उकरू का?"

इतकी पुस्तकं वाचूनही मला ठाम सांगता येईना. खडीखालचा कोंब कोवळा, ठिसूळ. असल्या वाऱ्यात उघडा पडला तर मोडणार. आणि न उकरावं तर कोपरा जाणार.

"वारा पडेपर्यंत थांबलं तर..." मी पुटपुटलो.

"वारा आठवडाभर पडत नाही, मास्तर," याकोवोस म्हणाला. " कंत्राटदार उद्या येतोय."

कालिरोई गुडघ्यांवर बसली आणि चिमटीचिमटीनं खडी बाजूला करू लागली. खुंट दिसला. काळा, कोरडा. ती खुंटाच्या कडेनं आणखी खाली गेली, आणि तिचा हात थांबला.

नखाएवढा, फिकट कोंब होता.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. कोंब एका अंगाला लवला. तिनं दोन्ही तळव्यांची ओंजळ त्यावर धरली.

"परत खडी लोटू का?" मी विचारलं.

"वजनानं मोडेल. हात काढला तरी मोडेल."

याकोवोस नुसता उभा राहिला असता, तरी कोंब मोडून कोपरा त्याला मिळाला असता. त्यानं समुद्राकडे बघितलं. मग बांधाकडे गेला. तोडलेली जुनी टोपली भट्टीत जाळायला तिथेच ठेवलेली होती. ती त्यानं आणली, कालिरोईच्या हातांवर उपडी घातली, आणि वाऱ्याच्या अंगाला दगड रचू लागला.

"हात काढा आता. हळू."

तिनं काढले नाहीत.

"खोल्या वरच्या अंगाला बांधीन," तो दगड बसवत म्हणाला. "तिथून समुद्र दिसत नाही."

"मग भाडं कमी घ्या," कालिरोई म्हणाली. "आणि तो दगड नीट लावा. फट राहिलीय."